पाच टिंबं

अण्णांच्या कॉम्प्युटरवर कागद कधी स्वच्छ दिसायचा नाही. कुठलंही पत्र उघडा, शब्दाशब्दांच्या मधे बारीक टिंबं, मधेच उजवीकडे तोंड केलेला एखादा बाण, आणि प्रत्येक परिच्छेदाच्या शेवटी ते एक चिन्ह, उलट्या इंग्रजी पी-सारखं, दोन पायांवर उभं. अण्णा त्याला बगळा म्हणायचे. पहिल्या दिवशी मला वाटलं, स्क्रीनवर माश्यांनी घाण केलीय. मी रुमाल काढून पुसायला लागले. अण्णा शांतपणे म्हणाले, "अक्का, ते आतून आहे. बाहेरून पुसून जात नाही."

बंगळूरच्या चामराजपेटात त्यांचं टायपिंगचं दुकान होतं. दोन कॉम्प्युटर, एक प्रिंटर, गिऱ्हाइकांना बसायला एक बाकडं. लोक हाताने लिहिलेलं आणायचे आणि आम्ही ते टाइप करून छापून द्यायचो. अर्ज, बायोडाटा, सोसायट्यांची भांडणाची पत्रं, कॉलेजवाल्यांचे प्रबंध. नव्वदीची मधली वर्षं. लग्न होऊन कऱ्हाडहून बंगळूरला आले त्याला मला जेमतेम वर्ष झालं होतं. नवरा सरकारी कारखान्यात इंजिनिअर. सकाळी सहाला कारखान्याच्या बसने जायचा तो अंधार पडला की उगवायचा. घरात भिंतींशी बोलायची पाळी आली होती माझ्यावर. कऱ्हाडला इंग्रजी टायपिंगच्या दोन परीक्षा दिल्या होत्या. शेजारच्या बाई म्हणाल्या, चामराजपेटात एक मराठी माणूस आहे, त्याला टायपिस्ट हवीय. दुसऱ्या दिवशी मी बसमध्ये.

मराठी म्हणजे पाच-सहा पिढ्यांपूर्वी इकडे आलेल्या घरातला मराठी. बोलायचे मराठी, पण ते कानडीच्या शेजारात वाढलेलं. वाक्याच्या मधे 'स्वल्प', म्हणजे जरा, शेवटी 'सरी', म्हणजे ठीक. मला अक्का म्हणायचे. मी तेवीस वर्षांची, ते पंचावन्नचे, तरी मी अक्का. दुकानात आलेली कॉलेजची पोरगीही अक्का आणि तिची आजीही अक्का. गंमत म्हणजे त्यांना मराठी लिहिता-वाचता यायचं नाही. शाळा कानडी, नोकरी इंग्रजीत. घरचं काही टिपून ठेवायचं झालं तर मराठी शब्द कानडी अक्षरांत लिहायचे. बसच्या पाट्या वाचता याव्यात म्हणून ती अक्षरं मी त्यांच्याकडूनच शिकले, आणि पहिली वाचलेली यादी होती 'कांदे, बटाटे, हिचं गुडघ्याचं तेल'.

तर त्या खुणा. स्पेस दिली की टिंब, टॅब दिला की बाण, एंटर मारला की बगळा. छापताना यातलं काहीच उमटत नाही. वरच्या पट्टीत बगळ्याचंच चित्र असलेलं एक बटण असतं. ते दाबलं की खुणा लपतात, परत दाबलं की दिसतात. जगातले लोक त्या लपवून सुखाने काम करतात. आमच्या दुकानात ते बटण दाबायला बंदी होती.

याचं मूळ अण्णांच्या वडिलांत होतं. ते शिंपी. त्याच जागेत त्यांचं शिवणकामाचं दुकान होतं, आणि ज्या टेबलावर मी टाइप करायचे त्याच्यावर कातरीचे ओरखडे होते. कपडा शिवून झाला की गिऱ्हाइकाला द्यायच्या आधी ते तो उलटा करायचे आणि दारात जाऊन आतली शिवण उजेडात धरायचे. "गिऱ्हाईक बाहेरून बघतं, आतून आपण बघायचं," हे वडिलांचं वाक्य अण्णा दिवसातून एकदा तरी ऐकवायचे. शिवण त्यांच्या हाताला आली नाही, ते टायपिस्ट झाले. पण उलटं करून बघायची खोड तेवढी वारशात आली.

दुकानामागेच त्यांचं घर. तिथे भिंतीवरून विजेच्या वायरी सगळ्यांना दिसतील अशा फिरवलेल्या, कपाटांना दारं नाहीत. एकदा त्यांच्या पत्नी, मी त्यांना वैनी म्हणायचे, मला म्हणाल्या, "पाहुणे येतात तेव्हा तरी एक पडदा लावू या म्हटलं. म्हणाले, पाहुण्यांना आपली तांदळाची पिंपं दिसली तर काय होतंय?" वैनींनी हे तक्रारीच्या सुरात सांगितलं, पण त्यांचीही सगळी भांडी फळीवर उघडीच होती.

मी एकदा सहज म्हटलं, "अण्णा, झाकली मूठ सव्वा लाखाची."

ते टाइप करायचे थांबले. म्हणाले, "उघडली तर आत किती आहे ते कळेल तरी. झाकून ठेवून सव्वा लाख कुठनं येतात हो, अक्का?"

मी पुढचा अर्ज टाइप करायला घेतला.

या हट्टापायी गिऱ्हाइकं जायची. एक गृहस्थ मुलीच्या लग्नाची पत्रिका करायला आले. मुलीच्या नावात टिंबं, मुहूर्ताच्या ओळीत बाण, आणि वधूवरांच्या नावांखाली एक-एक बगळा. त्यांचा चेहराच पडला. अण्णांनी समजावलं की हे छापून येत नाही. ते म्हणाले, नाही आलं तरी मी पाहिलं ना. शुभकार्याचा कागद आहे, तेवढं लपवा. अण्णा म्हणाले, "लपवून तुमच्या नावात दोन स्पेस पडल्या तर मला दिसणार नाही की." गृहस्थ उठले आणि समोरच्या दुकानात गेले. अण्णा म्हणाले, "सरी," आणि बाय-टू कॉफी मागवली. एक कॉफी दोन पेल्यांत, अर्धी त्यांना, अर्धी मला. गिऱ्हाईक गेलं की त्यांना कॉफी लागायची, त्यामुळे मला कॉफीची कधी कमी पडली नाही.

पण त्या टिंबांतून त्यांना जे दिसायचं ते मला आजही जमत नाही. एक निवृत्त अधिकारी आपल्या आठवणींचं पुस्तक फ्लॉपीवर घेऊन आले. स्वतः टाइप केलंय म्हणाले, तुम्ही फक्त नीट मांडून छापा. अण्णांनी फाइल उघडली, दहा मिनिटं खाली-वर केली आणि विचारलं, "तिसऱ्या प्रकरणापासून कोण बसलं होतं?"

"म्हणजे?"

"पहिली दोन प्रकरणं एका माणसाची आहेत. पूर्णविरामानंतर दोन टिंबं, घाईघाईने. तिसऱ्यापासून एकच टिंब आहे. हा हात हळू आहे, पण चुकत नाही."

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग म्हणाले, "मिसेसने केलंय. माझे डोळे दुखतात." अण्णांनी आभाराचं पान उघडलं. त्यात मोठमोठ्या लोकांची नावं होती. "यांचं नाव राहिलं की," अण्णा म्हणाले आणि साहेबांच्या तोंडाकडे बघत बसले. साहेबांनी नाव सांगितलं. अण्णांनी ते सगळ्यात वर टाइप केलं, आणि साहेबांची ते खाली घ्या म्हणायची हिंमत झाली नाही.

माझ्याही हाताची एक ओळख होती, आणि ती अण्णांच्या डोक्यात तिडीक उठवायची. कऱ्हाडच्या क्लासात सरांनी पट्टी घेऊन शिकवलं होतं: नवा परिच्छेद सुरू करताना आधी पाच वेळा स्पेसबार. चार नाही, सहा नाही. दोन वर्षं ते बोटांत भिनलं होतं. परिच्छेद आला की अंगठा आपोआप पाच वेळा आपटायचा. अण्णांच्या मते हा गुन्हा. परिच्छेद आत सरकवायला टॅब आहे, आणखी सोयी आहेत, तर टिंबांच्या रांगा कशाला? मी काम दाखवायला नेलं की ते आधी परिच्छेदाची सुरुवात बघायचे आणि म्हणायचे, "अक्का, पाच टिंबं." एवढंच. आवाज चढवायचे नाहीत. त्यापेक्षा चार शिव्या दिल्या असत्या तरी चाललं असतं.

मग मी युक्ती काढली. त्यांनीच मला 'शोधा आणि बदला'ची सोय शिकवली होती: कॉम्प्युटरला सांगायचं, अमुक दिसेल तिथे तमुक घाल, की तो सगळ्या कागदभर बदलून देतो. मी कऱ्हाडच्या पद्धतीने टाइप करायचे आणि काम संपलं की दाखवायच्या आधी पाच स्पेसच्या जागी एकदम टॅब घालून मोकळी व्हायचे. अण्णा खूश, अंगठाही खूश. काम लांबलचक असलं की मधल्या दिवसांत मी ते बंदी घातलेलं बटण दाबून खुणा लपवायचे, म्हणजे त्यांची नजर गेली तरी टिंबं दिसायला नकोत.

अशात बेळगावकडच्या एक मॅडम आल्या. कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायच्या, वय चाळिशीचं. बेळ्ळंदूरच्या तळ्यातल्या जलपर्णीवर त्यांनी प्रबंध लिहिला होता. आता तिथे आयटी कंपन्यांच्या काचेच्या इमारती उभ्या राहिल्यात, पण तेव्हा गावाबाहेरचं तळं होतं ते. मॅडम सात वर्षं रविवारी बस बदलत तिथे जायच्या, बाटल्यांत पाणी भरून आणायच्या. मधे सासूचं आजारपण, मुलाची दहावी, त्यात मुदत संपली. विद्यापीठाने दोनदा वाढवून दिली. तिसऱ्यांदा कळवलं की अमुक सोमवारी प्रबंध आला नाही तर नोंदणी रद्द. म्हणजे सात वर्षं तळ्यात गेली. हे त्यांनी मला पहिल्याच दिवशी सांगितलं, आणि हस्तलिखिताचा गठ्ठा माझ्या हातात देताना तो पटकन सोडला नाही.

तीन आठवडे मी तो प्रबंध टाइप करत होते. एकशे साठ पानं. अर्थातच कऱ्हाडच्या पद्धतीने आणि खुणा लपवून. शेवटच्या शनिवारी सकाळी काम संपलं. अण्णा मार्केटला कागद आणायला गेले होते. ते यायच्या आत साफसफाई करावी म्हणून मी बटण दाबून खुणा दाखवल्या, आणि तेवढ्यात मॅडम दारात.

त्यांनी स्क्रीन बघितला मात्र, हातातली पिशवी बाकड्यावर टाकली. "हे काय गं? माझ्या प्रबंधाला हे काय झालंय?"

मी सांगितलं, छापताना येत नाही. लपवूनही दाखवलं. पण विद्यापीठाला प्रबंधाबरोबर फ्लॉपीही द्यायची होती. मॅडम म्हणाल्या, "इथे लपवलंस, पण तिथे उघडल्यावर दिसेल ना? परीक्षक म्हणेल, बाईला साधा कागद नीट करता येत नाही. लपवू नको, काढूनच टाक."

अण्णा असते तर म्हणाले असते, बसून घ्या, सांगतो. मी मात्र नव्याने शिकलेल्या विद्येच्या तोऱ्यात. म्हटलं, एका मिनिटात काढते. 'शोधा आणि बदला' उघडलं. आधी बगळे घेतले: शोध बगळा, जागी काहीच घालू नको. सगळीकडे बदल.

टाइपरायटरवर वाढलेल्या माणसालाच ही चूक करता येते. तिथे ओळ संपली की हाताने गाडा ढकलायचा. कागदावर त्याचं काही उमटत नाही, आणि एकदा मोडलेली ओळ परत जुळत नाही. माझ्या लेखी कॉम्प्युटर म्हणजे काच लावलेला टाइपरायटर. मला वाटलं, बगळा गेला तर खूण जाईल, परिच्छेद जागच्या जागी राहतील. परिच्छेद त्या बगळ्याच्याच जिवावर उभा असतो हे मला कुणी सांगितलं नव्हतं. खरं तर अण्णांनी सांगितलं होतं, मी ऐकलं नव्हतं.

वर आणखी एक. बंगळूरला तेव्हा वीज कधी जाईल याचा नेम नसायचा, म्हणून अण्णांचा नियम होता: हात थांबला की सेव्ह, आणि लगेच फ्लॉपीवर प्रत. तो नियम मी इमानेइतबारे पाळला. मॅडमशी बोलत बोलत, स्क्रीनकडे न बघता, सेव्ह केलं आणि फ्लॉपीवरच्या चांगल्या प्रतीवर हीच प्रत चढवली. मग बघितलं. मॅडमचं नाव, मार्गदर्शकांचं नाव, अनुक्रमणिका, प्रकरण पहिलं, तळ्याचा इतिहास, सगळं एका दमात. एकशे साठ पानांचा एकच परिच्छेद. काही उलटं फिरवता येतं का बघायच्या आत वीज गेली.

"गेली का?" मॅडम म्हणाल्या.

"गेली," मी म्हटलं. "तुम्ही संध्याकाळी या."

त्या निश्चिंतपणे गेल्या. तासाभराने वीज आली, कॉम्प्युटरवरची फाइल उघडली, फ्लॉपीवरची उघडली. दोन्हीकडे तेच. हस्तलिखित होतं, पण परत टाइप करायला तीन आठवडे लागले असते आणि हातात होते दोन दिवस. त्यात अण्णा कागदाचे गठ्ठे घेऊन आले. मी काय करावं? बटण दाबून खुणा लपवल्या आणि कामात असल्यासारखी बसले. झाकली मूठ.

अण्णांनी गठ्ठे रचले, हात धुतले, आणि तीन आठवड्यांत पहिल्यांदाच लांबून विचारलं, "अक्का, बगळे कुठे गेले?"

"लपवलेत," मी म्हटलं.

ते आले, माझ्या खांद्यावरून हात घालून बटण दाबलं. टिंबंच टिंबं, आणि एकही बगळा नाही. ते पान-पान करत शेवटापर्यंत गेले. अगदी शेवटी एक उरला होता; तो एक कॉम्प्युटर कधीच काढू देत नाही. त्या एकट्या बगळ्यासमोर मी रडायला लागले. काय केलं ते सांगितलं, अंगठ्याची युक्ती सांगितली, नोकरी सोडते म्हणाले, मॅडमना तोंड कसं दाखवू म्हणाले.

"स्वल्प गप्प बसा," अण्णा म्हणाले.

खुर्ची ओढून ते बसले आणि परत पहिल्या पानापासून निघाले. पाव तास असेल. काच आणि नाक यांच्यात चार बोटांचं अंतर, ओठ हलताहेत. मग त्यांनी एका जागी बोट टेकवलं.

"अक्का, पाच टिंबं."

मला वाटलं, झालं, आता याही वेळी तेच. पण ते बोट उचलेनात. "बघा की. पूर्णविराम, आणि लगेच पाच टिंबं. इथे बघा. इथे. आणखी कुठे पाच टिंबं ओळीने येतात का तुमची?"

येत नव्हती. परिच्छेदाच्या सुरुवातीलाच येत होती. बगळे उडून गेले होते, पण प्रत्येकाच्या उभं राहायच्या जागेवर कऱ्हाडच्या सरांची पाच टिंबं तशीच होती.

अण्णांनी आधी मोडक्या फाइलचीसुद्धा एक प्रत काढून बाजूला ठेवली. मग कॉम्प्युटरला सांगितलं: पाच टिंबं शोध, त्यांच्या जागी एक बगळा घाल. दीड मिनिट यंत्र घरघरलं आणि परिच्छेद आपापल्या जागी येऊन उभे राहिले. मथळे मी कऱ्हाडच्याच पद्धतीने स्पेस मारून मारून मधोमध आणले होते. तिथे चार-चार बगळ्यांची रांग लागली, त्यामुळे तेही शोधावे लागले नाहीत. पाण्याच्या मोजमापांचे अकरा तक्ते मात्र गेले होते. त्यांत टिंबं नव्हती, नुसते बाण. एका ओळीचा शेवटचा आकडा दुसऱ्या ओळीच्या महिन्याला चिकटला होता. ते परत करायला हवे होते.

मी डोळे पुसले. म्हटलं, "अण्णा, तक्ते मी उद्या बसून करते. मॅडमना काही सांगू नका. आता सगळं ठीक झालंय."

ते तक्त्यांची पानं मोजायला लागले. संध्याकाळी मॅडम आल्या. अण्णांनी त्यांना खुर्ची दिली आणि म्हणाले, "तुमचा प्रबंध आज सकाळी आमच्या दुकानात मोडला होता. जुळवलाय. तक्ते राहिलेत. उद्या दुकान उघडतो, तुम्ही या आणि हस्तलिखित समोर ठेवून एक एक पान तपासा. तपासल्याशिवाय मी छापणार नाही."

'आमच्या दुकानात' म्हणाले. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. तेच मला सहन झालं नाही. मी म्हटलं, "मॅडम, माझ्या हातून झालं."

मॅडमनी टेबलावरचा हस्तलिखिताचा गठ्ठा जवळ ओढला. मग हळू आवाजात म्हणाल्या, "सात वर्षं बाटल्या वाहिल्या गं मी." ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. तो आवाज अजून माझ्या कानात आहे.

रविवारी आम्ही तिघं बसलो. अण्णांचं दुकान रविवारी उघडल्याचं गल्लीने पहिल्यांदाच बघितलं. मॅडम आकडे वाचायच्या, महिना, पाण्याची खोली, पाण्यातला प्राणवायू. मी टाइप करायचे. अण्णा बाणांकडे बघत बसायचे. दुपारी वैनींनी चित्रान्न, म्हणजे फोडणीचा लिंबूभात, पाठवलं. तपासताना दोन ठिकाणी परिच्छेद चिकटलेले सापडले. बघितलं तर तिथे मी पाचाऐवजी चारच स्पेस दिल्या होत्या.

"पाच म्हणजे पाच द्यायची की, अक्का," अण्णा म्हणाले. मॅडम त्या दिवशी पहिल्यांदा हसल्या.

सोमवारी प्रबंध वेळेत गेला. वर्षाने त्या डॉक्टर होऊन चिरोटी घेऊन आल्या, तेव्हा अण्णांनी त्यांना एकच विचारलं, तळ्यावर खरे बगळे आहेत का अजून. आहेत म्हणाल्या, पण कमी झालेत.

तुम्हाला वाटेल, त्या दिवसापासून माझ्या पाच टिंबांना दुकानात मान मिळाला असेल. मंगळवारीच मी विचारलं, "अण्णा, आता पाच स्पेस दिल्या तर चालतील ना?"

"बेडा," ते म्हणाले. नको. "टॅब द्या."

पुढची तीन वर्षं मी टॅबच दिला. मग नवऱ्याची नाशिकला बदली झाली. निघताना अण्णांनी मला अनुभवाचं पत्र दिलं, इंग्रजीत, तीन परिच्छेदांचं, छापलेलं, आणि सोबत फ्लॉपी. पत्रात एकही गोड शब्द नव्हता. अमुक ते अमुक काम केलं, वेळेवर येत असे, चूक झाली तर सांगत असे. मी जरा खट्टूच झाले. चार वर्षांत एवढंच? वैनींनी खणानारळाने ओटी भरली. अण्णा दारात उभे होते, म्हणाले, "फ्लॉपी उन्हात ठेवू नका." आम्ही स्टेशनकडे निघालो.

वर्षभराने नाशिकला एका ऑफिसात टायपिस्टची जागा निघाली. पत्राच्या छापील प्रतीवर सामान लावताना हळदीची बोटं उमटली होती, म्हणून मी फ्लॉपी घेऊनच गेले. तिथल्या कारकुनाने मला एका कॉम्प्युटरवर बसवलं, नवी प्रत काढून घ्या म्हणाला. फाइल उघडली आणि बोट सवयीने बगळ्याच्या बटणावर गेलं.

पहिल्या परिच्छेदाच्या सुरुवातीला पाच टिंबं. दुसऱ्याच्या, पाच. तिसऱ्याच्या, पाच.

ज्या माणसाने जन्मात परिच्छेदाला स्पेस दिली नाही, त्याने माझ्या पत्रात एकेक मोजून दिली होती. कागदावर ती कधीच दिसणार नव्हती. वर्षभर ते पत्र माझ्या ट्रंकेत होतं आणि मी ते बाहेरूनच वाचत होते. मला त्या परक्या ऑफिसात रडू आलं, आवरेना.

कारकून घाबरला. स्क्रीनकडे बघून म्हणाला, "बाई, हे टिंबंबिंबं छापून येतं का? काढून देऊ?"

"नको," मी म्हटलं. "राहू द्या."

नोकरी मिळाली. त्याच दिवशी मी चामराजपेटला पोस्टकार्ड लिहिलं, मराठीत, पण कानडी अक्षरांत. मजकूर दोनच ओळींचा होता, नोकरी लागली आणि तुमचं पत्र आज आतून वाचलं. सुरुवातीला पेनाने पाच टिंबं काढली.

आठवड्याने उत्तर आलं. नवऱ्याने कार्ड उलटंसुलटं करून बघितलं, त्याला अक्षर कळेना. मी वाचून दाखवलं: "कार्ड पोचलं. वैनी बरी आहे. तुमच्या तिसऱ्या आणि चौथ्या टिंबांत अंतर जास्त पडलंय."